हात बसेपर्यंत

वहिनीच्या लॅपटॉपवर एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटायला इतका वेळ घ्यायचं, की तेवढ्यात मी उठून, बाल्कनीचं दार लावून, परत येऊन बसायचे. नावड्याला, वहिनीकडे, संध्याकाळी दारं लावावीच लागतात. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला की असा काही वास घरात शिरतो की लसणाची फोडणीसुद्धा त्याच्यापुढे हात टेकते. वहिनी मात्र जागची हलायची नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, गॅसवर दूध ठेवलेलं असावं तशी पडद्याकडे बघत राहायची. अक्षर आलं की पुढचं दाबायची. तिचा तो शांतपणा बघून माझ्याच अंगाला मुंग्या यायच्या.

"वहिनी, तुला राग कसा येत नाही गं?"

"रागावून काय लवकर येनार हाय का ते?"

वहिनी इथल्याच तळवलीची, माहेरी आगरी बोलणारी. आम्ही कोकणातले, वडील नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा आईने तिचं 'हाय' आणि 'पानी' सुधारायचा चंगच बांधला होता, आणि वर्षभरात वहिनी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायला लागली. दादा गेल्यावर तिची जुनी भाषा हळूहळू परत येत होती. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता. एका दुपारी डबा उघडून बसला आणि तिथेच कोसळला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे अनुकंपा तत्त्वावर त्याच ऑफिसात वहिनीला क्लार्कची नेमणूक मिळाली, पण एका अटीवर. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर नेमणूक रद्द. वहिनी बारावी झालेली, मुलगी पुण्याला होस्टेलवर, आणि घर त्या पगारावर चाललेलं. म्हणजे सगळा संसार त्या एका परीक्षेवर येऊन टेकला होता.

आमच्या नातेवाइकांत तेव्हा एकच वाक्य फिरत होतं: दादाची जागा टिकली पाहिजे. काका फोनवर तेच म्हणायचे, मावशी तेच म्हणायची, मीही उठताबसता तेच म्हणायचे. मला तर मनातून असंच वाटायचं की वहिनी पास झाली की त्या ऑफिसातली दादाची खुर्ची दादाचीच राहणार, आणि नापास झाली तर तो दुसऱ्यांदा जाणार. हे वेडेपण होतं, पण तेव्हा मला त्याच वेडेपणावर उभं राहता येत होतं.

आणि इतकं सगळं टांगणीला लागलेलं असताना आमच्या घराने एक मोठा मूर्खपणा केला. दादा गेल्यावर वर्षभर काही नवं सुरू करायचं नाही, असं आमच्याकडे ठरलं. आमच्याकडे ठरलं म्हणजे आईने ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. सण नाही, खरेदी नाही, घराला रंग नाही. वहिनीने हळूच विचारून बघितलं, "आई, टायपिंगचा क्लास लावू का?" आई म्हणाली, "वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे गं." सरकारी मुदतीला मात्र सुतक नव्हतं. ती आपली रोज पुढे सरकत होती.

क्लास नाही तर नाही, घरी सराव करायला कोणी अडवलं नव्हतं. वहिनी घरी सराव करत होती आणि मी घड्याळ लावून तिच्या बाजूला बसत होते. ती टाइप करायची ते फोनवर आपण सगळे करतो तसं. इंग्रजी 'के' दाबलं की 'क', 'एम' दाबलं की 'म'. आमच्या घरात, सोसायटीच्या ग्रुपवर, सगळीकडे मराठी असंच लिहिलं जातं. वहिनीच्या ऑफिसातही साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे असंच बडवायचे, त्यामुळे याहून वेगळं काही असतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अक्षरं उशिरा उमटत असली तरी वहिनीचा वेग वाढत होता. वाढला की मी टाळ्या वाजवायचे.

वर्षश्राद्ध झालं, आई गावी राहायला गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिला स्कूटरवर घालून नेरूळला स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासला घेऊन गेले. परीक्षेचा फॉर्म क्लासमार्फतच भरायचा असतो. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लागून कम्प्युटर, त्यांच्यासमोर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची रांग. प्रत्येकाच्या हातांवर एकेक नॅपकिन टाकलेला, खाली बोटं खडखड चाललेली. बोटांकडे बघायचं नाही म्हणून तो नॅपकिन. क्लासच्या मॅडमनी वहिनीला एका रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "बसा ताई, एक ओळ मारून दाखवा."

वहिनीने पाठ ताठ केली आणि 'के' दाबलं. पडद्यावर नुसता काना आला. अक्षर नाही, काही नाही, एकटा काना उभा. तिने पुन्हा दाबलं, दुसरा काना आला. मग तिने 'एम' दाबलं आणि भलतंच काहीतरी उमटलं. शेजारच्या मुलीने मान वळवून बघितलं. वहिनीचे कान लाल झाले.

"हे फोनवरचं मराठी झालं ताई," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे परीक्षेला टाइपरायटरचा कीबोर्ड असतो. बोटंच वेगळी. आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. तुम्हाला आधीचं सगळं विसरावं लागेल."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. रोज इथे या, आणि घरीपण हाच कीबोर्ड लावा. इथे एक आणि घरी एक असं केलंत तर दोन्हीकडचं जाईल." मग त्यांनी मुदत विचारली. मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे याच वेळची परीक्षा. पुढची तुम्हाला चालायची नाही."

येताना मी कळंबोलीजवळ एका टँकरवाल्याशी भांडले. चूक त्याची नव्हती. मला कोणाशीतरी भांडायचंच होतं. आईशी भांडता येत नव्हतं, स्वतःशी भांडून झालं होतं. मागून वहिनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, पुढे बघा." मी तिच्याहून लहान, तरी ती मला लग्नापासून वन्संच म्हणते, आणि मी तिला अगं-तुगं करते. आमच्याकडची ही उलटी रीत मला तेवढ्या रागातही विचित्र वाटली.

आता प्रश्न लॅपटॉपचा. तो दादाने लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त, आकाराने मोठ्या वहीएवढा. शाळेपुरतं त्याचं ठीक होतं. पण त्याची मेमरी आतच पक्की डकवलेली, वाढवायची सोय नाही. साठवायला जागा माझ्या फोनपेक्षाही कमी. त्याला चालवणारी सिस्टिम दर अपडेटला जाड होत गेली होती आणि आता तिच्या अंगाला तो लॅपटॉप पुरत नव्हता. टाइपरायटरच्या कीबोर्डचं सॉफ्टवेअर टाकायला गेले तर जागा शिल्लक नाही असा निरोप आला. नवा लॅपटॉप घेण्याचा विषय काढला तर वहिनी म्हणाली, "आधी नोकरी ऱ्हाते का बघू."

मी नेरूळच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. म्हातारी मशीन्स जगवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मला एवढं माहीत होतं की या लॅपटॉपमध्ये लिनक्सच्या कुळातली एखादी हलकी सिस्टिम टाकली तर तो पुन्हा पळायला लागेल. फुकट मिळते, पेनड्राइव्हवर घालून नेता येते, आणि आतलं काही न पुसता आधी चालवूनही बघता येते. फक्त निवडायची कुठली? शेकडो आहेत. ज्याला स्वस्थ बसता येत नाही अशा माणसाच्या हातात ही निवड पडू नये.

मी याद्या वाचल्या, व्हिडिओ बघितले, भांडणं वाचली. कारण या सिस्टिमवाल्यांची आपसात जी भांडणं चालतात ती आमच्या सोसायटीच्या जनरल मीटिंगला लाजवतील. घरी मी कपडे वाळत घालताना त्याचाच विचार करायचे. नवरा म्हणाला, "तू लॅपटॉप दुरुस्त करतेयस, की लॅपटॉप तुला?" मी त्याच्यावर खेकसले. कॉलेज सुटलं की पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकून स्कूटर नावड्याकडे.

पहिली सिस्टिम अतिशय हलकी निघाली. लॅपटॉप क्षणात सुरू झाला, मी आनंदाने ओरडलेच. पण तिला घरातलं वाय-फाय ओळखता येईना, आणि वाय-फाय आल्याशिवाय मराठी कीबोर्ड उतरवता येईना. दुसरी दिसायला देखणी, वहिनीला तिचा निळा रंग आवडला. पण ब्राउजर उघडला की ती जागीच बसायची, आधीच्या सिस्टिमसारखी. तिसरीत सगळं नेटवरच चालायचं. नावड्याला वीज गेली की नेट जातं, आणि वीज जायला तिथे निमित्त लागत नाही. चौथीत टाइपरायटरचा कीबोर्ड सापडला, पण पडद्यावर जोडाक्षरं तुटून पडायची. 'मुख्य'मधला अर्धा 'ख' एकीकडे आणि 'य' दुसरीकडे. वहिनी ते बघून हसायला लागली. दादा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते, आणि मला हसू येत नव्हतं.

दर वेळी मी म्हणायचे, "ही झाली बघ. आता हीच ठेवू." आणि दर वेळी दोन दिवसांनी मी दुसरी घेऊन हजर. वहिनी क्लासहून यायची, चहा टाकायची, आणि मी आज कुठली खिडकी कुठे ठेवलीय ते शिकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "वन्सं, काल ते बटन खाली व्हता, आज वर गेला." त्यात तक्रार नव्हती, पण मला ती लागली. खरं सांगायचं तर मी कशामागे धावत होते ते मला कळत होतं. दादासाठी मला काही करता आलं नव्हतं. दवाखान्यात न्यायला नाही, शेजारी बसायला नाही, त्याच्याशी नीट भांडायलाही नाही. हा लॅपटॉप तेवढा हाताशी होता, आणि तो दुरुस्त होण्यासारखा होता.

शेवटी एक सापडली. दिसायला साधी, जुन्या काळच्या कम्प्युटरसारखी, पण लॅपटॉपला झेपणारी. वाय-फाय तिने मुकाट्याने धरलं, जोडाक्षरं एक फॉन्ट टाकल्यावर जागेवर आली, आणि टाइपरायटरचा कीबोर्ड एका क्लिकवर. मी वहिनीला बसवलं. तिने बोट टेकलं आणि अक्षर उमटलं, ताबडतोब. तिने दुसरं दाबलं. तिसरं. मग नुसतीच दाबत गेली, आणि अक्षरं तिच्या बोटांबरोबर पळत राहिली.

"हीच," वहिनी म्हणाली.

पण पेनड्राइव्हवरून रोज रोज चालवता येत नाही. ती लॅपटॉपमध्ये बसवायची तर जागा एवढीशी की दोन सिस्टिम एकत्र राहणं शक्य नाही. आधीचं सगळं पुसावं लागणार होतं. फोटो मी आधीच दुसरीकडे उतरवून घेतले होते, मुलीला पाठवून झाले होते. राहिलं होतं ते कशात मोजण्यासारखं नव्हतं. सुरू करताना येणारं दादाचं नाव. त्याने लावलेला एका धबधब्याचा फोटो, जिथे आम्ही कोणी कधी गेलो नव्हतो. पत्त्यांचा खेळ, त्यातला त्याचा अर्धवट डाव.

तो रविवार होता, दुपारची वेळ. सगळं जुळवून मी शेवटच्या पायरीवर आले. 'संपूर्ण डिस्क पुसून टाका', त्याखाली बटण. मी बोट ठेवलं आणि ते खाली जाईना. मी, जिला लाल सिग्नलला थांबता येत नाही, ती मी तिथे नुसती बसून राहिले. पुन्हा फोटो तपासले. पुन्हा चार्जर तपासला. पाणी पिऊन आले. म्हटलं, "वहिनी, पुढच्या रविवारी करू या का? घाई नको."

वहिनी पोळ्या लाटत होती. ती आली, कणकेचा हात ओढणीला पुसला, माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरचं वाचलं, आणि बटण दाबलं.

"परीक्षा पुढच्या रविवारी नाय ढकलनार कोन," एवढंच म्हणाली आणि पोळी करपते म्हणून आत गेली.

मला रडू आलं नाही, रागच आला. इतक्या सहज? पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत चालली होती आणि आत लाटण्याचा आवाज येत होता. मी त्या रेघेकडे बघत मनातल्या मनात वहिनीला नाही नाही ते बोलले.

मग सिस्टिमने विचारलं, तुमचं नाव काय? मी काही विचार न करता दादाचं नाव टाकलं. माझ्या बोटांनीच टाकलं म्हणा. वहिनी हात धुऊन येऊन बाजूला बसली होती. तिने बघितलं.

"ते नको, वन्सं."

"मग तुझं टाकू?" मी तिचं नाव लिहिलं. तिने पुन्हा मान हलवली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मी लिहिलेलं खोडलं, आणि एकेक अक्षर शोधत वेगळंच एक नाव लिहिलं.

ते तिचं माहेरचं नाव होतं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. दादाने लिहिलेलं नाव मी सुचवलेलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला ते नाव फार आवडायचं, आणि दादाने माझा हट्ट पुरवला म्हणून मी मांडवभर मिरवले होते. आधीचं नाव काय होतं हे त्या दिवशी ऐकलं आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. आता ते पडद्यावर होतं. सिस्टिमने ते घेतलं, आणि त्याच नावाने वहिनीचं स्वागत केलं.

"हे नाव कशाला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

"शाळेत व्हता. टाइप करायला सोपा हाय," वहिनी म्हणाली. सोपं वगैरे काही नव्हतं, त्यात दोन जोडाक्षरं होती. मी चहा न घेता निघाले. वहिनीने मागून डबा दिला, तोही मी घेतला नाही.

पुढचे बरेच दिवस मी नावड्याला फिरकले नाही. फोनवर काय ते सांगायचे. वहिनीला मोठा कीबोर्ड हवा होता, कारण लॅपटॉपची बटणं बारीक आणि परीक्षेला मोठी असतात. तो मी क्लासवर नेऊन दिला, तोही वर न जाता, खाली भेटलेल्या मॅडमच्या हातात. पण गप्प बसवेल तर ती मी कसली. घरी बसून मी आणखी एक सिस्टिम शोधून काढली. आधीचीपेक्षा हलकी, आधीचीपेक्षा नवी, आणि बसवताना नाव पुन्हा विचारणारी. हे शेवटचं कारण मी नवऱ्याला सांगितलं नाही.

पेनड्राइव्ह घेऊन गेले तेव्हा वहिनी सरावाला बसली होती. दार मुलीने उघडलं, ती सुट्टीला आली होती. वहिनीच्या हातांवर स्वयंपाकघरातला नॅपकिन टाकलेला, शेजारी उघडं पुस्तक, नजर पुस्तकात. नॅपकिनखाली बोटं चालली होती आणि पडद्यावर ओळ सरळ पुढे जात होती, न अडखळता, न मागे येता. मी उभ्यानेच बघत राहिले. ही बाई वर्षभर अक्षराची वाट बघत बसायची. आता अक्षरं तिच्या मागे लागली होती.

उतारा संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे.

"आता त्याला हात नाय लावायचा," ती म्हणाली. "माझा हात बसलाय त्याच्यावर. तुमी पन बसा जरा."

"ही जास्त फास्ट आहे गं."

"आसंल. मना हीच बरी."

मुलगी हसली. मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि बसले, म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पाय हलत होता तो वहिनीने हाताने दाबून धरला आणि मुलीला म्हणाली, "आत्याला चहा दे, आज घेतील." मी घेतला.

परीक्षेच्या दिवशी मीच तिला घेऊन गेले. आत मोबाइल चालत नाही म्हणून तिचा फोन माझ्याकडे होता, आणि सारखे नातेवाइकांचे मेसेज येत होते. दादाची जागा, दादाचे आशीर्वाद, दादा वरून बघतोय. केंद्राच्या फाटकाबाहेर मी येरझाऱ्या घातल्या. तिथल्या उसाच्या रसवाल्याने मला बसायला स्टूल दिलं, त्यावर मी पर्स ठेवली आणि चालत राहिले. वीज गेली तर? त्या कम्प्युटरची अक्षरं उशिरा उमटली तर? तिच्या बोटांना ऐन वेळी फोनवरचं मराठी आठवलं तर? वहिनी बाहेर आली तशी मी तिच्याकडे धावले. मी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "वेळ उरला." आणि रस घेतला, आलं-लिंबू घालून, सावकाश संपवला.

निकाल लागायला बराच काळ गेला. त्या काळात मी काय केलं ते न सांगितलेलंच बरं. लॅबमधली दोन चांगली चालणारी मशीन्स मी उगाच उघडून बसवली, एवढं सांगते. मुदत जवळ येत होती आणि वहिनी रोज डबा घेऊन ऑफिसला जात होती, नोकरी कायमची असल्यासारखी.

निकाल आला तेव्हा मी नावड्यालाच होते. वहिनीने त्याच लॅपटॉपवर पान उघडलं, नंबर टाकला आणि माझ्याकडे वळवलं. पास. वेगाला मार्क चांगले होते. मग मी आईला फोन लावला, काकांना लावला, आणि प्रत्येकाला ओरडून सांगितलं, दादाची जागा टिकली. आई पलीकडे रडायला लागली. फोन ठेवला आणि माझं अवसानच गेलं. करायचं काही उरलं नव्हतं. लॅपटॉप चालत होता, परीक्षा झाली होती, खुर्ची राहिली होती, आणि दादा तरीही नव्हता. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. इतके महिने न रडलेलं सगळं रडले.

वहिनी शेजारी येऊन बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडता मी ते म्हणाले जे अशा वेळी आपल्याकडे सगळेच म्हणतात.

"आज दादा असता तर किती खूश झाला असता गं."

वहिनीचा हात थांबला.

"हे आसते तं ही परीक्षाच नसती, वन्सं," ती म्हणाली. "मी घरात आसते."

मी वर बघितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आन खरा सांगू?" तिचा आवाज अगदी खाली गेला, घरात तिसरं कोणी नसतानाही. "मना परीक्षा द्यायला बरा वाटला. खूप बरा वाटला. हे मी कोनाला सांगू?"

मी तिचा हात धरला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, न हलता बसून राहिले.